मार्च महिन्यात उघडलेलं दार

१

संचालक लोखंडी शिडीच्या पायथ्याशी पडलेले सापडले, आणि त्यांचा चष्मा नाकावर जसाच्या तसा होता. हे मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. काचकारागिराने सांगितलं, आणि तो माणूस इतकं कमी बोलतो की त्याने खोटं बोलायचं ठरवलं तरी त्याला शब्द पुरायचे नाहीत. डोक्यामागे रक्त, श्वास चालू, शुद्ध नाही. त्याने मान वर करून पाहिलं, तर दुर्बिणीच्या तोंडाशी नुसती गोल पोकळी. जेवणाच्या ताटाएवढं भिंग होतं तिथे. ते नव्हतं.

ही सूर्याची वेधशाळा. त्यामुळे इथली माणसं दिवसा काम करतात आणि रात्री सज्जनांसारखी झोपतात. टेकडीवर पांढरा घुमट, त्याला चिकटून दुमजली इमारत, आणि आत माणसं मोजून पाच: संचालक, उपसंचालक, काचकारागीर, ग्रंथपाल बाई आणि आमची टिल्ली.

टिल्ली माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. जन्मली तेव्हा तळहाताएवढी होती म्हणून टिल्ली. आता दारातून आत येताना मान वाकवते, पण घरातली नावं कोण बदलत बसतं. बहीण लवकर गेली. मग टिल्लीला आमच्या अक्काने वाढवलं आणि मी बिघडवलं. जूनपासून ती वेधशाळेत संगणक सांभाळत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा फोन आला. आवाज अगदी सरळ होता. ती घाबरली की तिचा आवाज असा सरळ होतो.

"मामा, मावशीला घेऊन ये. घुमटाचं दार काल माझ्या कार्डाने उघडलंय, असं इन्स्पेक्टर म्हणतात. पाच वाजता मला घेऊन जाणार आहेत."

"तू उघडलंस?"

"नाही."

"मग झालं तर."

"झालं नाही ना, मामा," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. उभा जन्म विमा कंपनीत दावे तपासण्यात गेला. घर जळालं म्हणणाऱ्याला ती राखेचा रंग विचारायची. तिचं हत्यार एकच, दोन शब्दांचं: "आणि त्याआधी?" लहानपणी मी घरी येऊन सांगितलं की शाळेच्या वाटेवर वाघ दिसला. तिने विचारलं, आणि त्याआधी काय दिसलं? मी बेसावधपणे म्हणालो, मांजर. माझा वाघ तिथेच मेला.

तिने फोनवरचं सगळं ऐकून घेतलं, चपला पायात सरकवल्या आणि म्हणाली, "चल. आणि तिथे तोंड आवर. तुझ्या गोष्टींनी पोरीला फाशी व्हायची."

२

इन्स्पेक्टरने ग्रंथालयात बस्तान मांडलं होतं. आडव्या बांध्याचा, सर्दीने बेजार झालेला माणूस. हातात रुमाल आणि समोर एक कागद.

"घुमटाचं दार बाहेरून कार्डाशिवाय उघडत नाही," तो म्हणाला. "आतून नुसतं ढकललं की झालं. काल दुपारच्या तीन नोंदी आहेत. तुम्हीच बघा."

कागदावर कार्डांच्या नंबरांपुढे या वेळा होत्या:

2019-10-03T10:41:26Z
2019-10-03T11:05:00Z
2019-10-03T12:10:38Z

"पहिलं कार्ड संचालकांचं. शेवटचं काचकारागिराचं, त्याला संचालक पडलेले दिसले. मधलं तुमच्या मुलीचं."

मी मधली ओळ वाचली आणि माझा जीव भांड्यात पडला. "अकरा वाजून पाच? अहो साहेब, काल अकरा वाजता ही माझ्याबरोबर दाताच्या डॉक्टरकडे होती. दाढ माझी निघत होती आणि रडत ही होती. डॉक्टरला विचारा, कंपाउंडरला विचारा, बाहेरच्या बाकावरच्या म्हातारीला विचारा. म्हातारीने तर हिला गोळी चोखायला दिली."

इन्स्पेक्टरचं पेन थांबलं. त्याने टिल्लीकडे पाहिलं. तिने फक्त मान हलवली असती तरी काम झालं असतं.

"मामा," टिल्ली म्हणाली, "ती आपली वेळ नाही."

"म्हणजे?"

"दाराचं यंत्र डेटाबेसमध्ये भिंतीवरच्या घड्याळाची वेळ टाकतं. पण घुमट कधी उघडला हे जगभरच्या वेधशाळांना लागतं, आणि प्रत्येकाचं घड्याळ वेगळं. म्हणून माझा प्रोग्राम ती वेळ इंटरनेटच्या ठरलेल्या साच्यात बसवतो. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. मध्ये टी, मग तास, मिनिटं, सेकंद. शेवटचा झेड म्हणजे जागतिक वेळ. आपण तिच्या तीन तास पुढे आहोत." तिने मधल्या ओळीवर बोट ठेवलं. "तीन मिळव."

मी मिळवले. दुपारचे दोन वाजून पाच.

"मला माहीत होतं," इन्स्पेक्टर रुमाल नाकाला लावत म्हणाला. "ही सांगते का, तेवढंच बघत होतो. दोनच्या सुमाराला कुठे होतीस?"

"तळघरात. मशीनपाशी."

"बरोबर कोण होतं?"

"कोणी नाही."

"कार्ड?"

"गळ्यात."

मी तिला कोपराने ढोसलं. "जरा गप्प बसली असतीस तर?"

"मग वेळ चुकीची लागली असती ना," ती म्हणाली. जणू काही माझ्या दाढेपेक्षा ते जास्त दुखलं असतं.

इन्स्पेक्टरने कागद आवरला. काल दुपारपासून फाटकावर त्याचा माणूस होता, भिंग टेकडीवरून खाली गेलेलं नव्हतं. टिल्लीचं तळघर त्यांनी उसवून ठेवलं होतं, घुमट आणि बाग धुंडाळली होती. तिने ते कुठे दडवलं एवढंच आता विचारायचं राहिलंय, असं तो म्हणाला. "पाच वाजता गाडी येईल. तोवर तुम्हाला ज्यांच्याशी बोलायचं त्यांच्याशी बोला. आजी आहात, नाही म्हणवत नाही."

"मावशी," अक्का म्हणाली. "आणि मेहेरबानी नको. तुमच्या कागदाची एक प्रत द्या."

३

काचकारागीर त्याच्या खोलीत काचा पुसत बसला होता. भिंतीला बरण्यांची रांग, प्रत्येकीत घासायची पूड, प्रत्येकीवर कागदाची पट्टी: २८/९, ३०/९, १/१०. अक्काने स्टूल ओढलं.

"संचालकांशी शेवटचं कधी बोललात?"

"परवा."

"काय?"

"भिंग थकलंय का, विचारलं. थकलंय, म्हटलं."

"मग?"

"दुर्बीण बंद करून भिंग संग्रहालयाला द्यायचं ठरलं."

"कोणाला वाईट वाटलं?"

त्याने काच उजेडात धरली. "उपसंचालकांना. आयुष्यभर त्याच भिंगातून बघितलं त्यांनी."

"तुम्हाला नाही वाटलं?"

"काच आहे," तो म्हणाला. पण हातातली काच त्याने फार हळू खाली ठेवली.

ग्रंथपाल बाईंचं याच्या उलट. त्यांना एक विचारलं की तीन उत्तरं मिळत, आणि तिन्ही उपयोगाची. परतीच्या तारखेचा शिक्का पुस्तकांवर आपटत आपटत त्यांनी सगळं सांगितलं. दुपारी त्या डबा घेऊन बागेत बसतात, कालही बसल्या होत्या. येताना दोन वाजून गेले होते, कारण मांजराने चपाती पळवली. ग्रंथालयाला कुलूप नसतं.

"तो काय कोपऱ्यात?" अक्काने विचारलं. कपाटांच्या मध्ये एक जुना संगणक मिणमिणत होता.

"दाराचं यंत्र कधी कधी कार्ड वाचत नाही हो. मग इथे येऊन हाताने नोंद करायची. मी करते, टिल्ली करते, बाकीचे माझ्याच गळ्यात घालतात. कार्डाचे नंबर भिंतीवर लावलेत, म्हणजे कोणी विचारायला नको. आणि एकदा घातलेली नोंद काढता येत नाही, बरं का. एकदा माझ्याकडून तिप्पट झाली, तर टिल्लीच्या हातापाया पडावं लागलं. काढायची सोय फक्त तिच्याकडे."

"उपसंचालकांनी कधी केली अशी नोंद?"

"ते? ते कार्ड हरवतच नाहीत. शिस्तीचा माणूस. परदेशात घडलेला."

उपसंचालकांची खोली वरच्या मजल्यावर, घुमटाच्या जिन्याजवळ. पांढरी दाढी, इस्त्रीचा सदरा. त्यांनी उठून अक्काला खुर्ची दिली, मला दिली आणि टिल्लीबद्दल वाईट वाटतं म्हणून सांगितलं. "हुशार मुलगी. मोहात पडली असेल. वय असतं."

"काल दुपारी तुम्ही?"

"इथेच. या टेबलाशी. दाराकडे पाठ."

"आणि त्याआधी?"

"त्याआधी संचालकांशी जिन्यापाशी दोन शब्द बोललो. ते वर गेले, मी आत आलो."

"भांडण झालं?"

"मतभेद," ते हसून म्हणाले. "भांडायला दोघांचं वय एक असावं लागतं."

हे चाललं असताना मी माझ्या कामाला लागलो होतो. भिंतीतल्या कपाटावर बिस्किटांचे गोल डबे एकावर एक रचले होते, तीन. शिस्तीचा माणूस, तेव्हा प्रत्येकावर चिकटपट्टी, आणि पट्टीवर डबा भरल्याची तारीख. वरच्यावर ९/२८. त्यातली बिस्किटं मऊ पडली होती, तरी मी दोन खाल्ली. मधल्यावर ९/३०, हा कुरकुरीत निघाला. काढलेल्या दाढेची बाजू सांभाळून मी चार संपवली. सगळ्यात खालचा डबा परातीएवढा. त्याला हात घातला तर हलेना. त्यावर १०/३ पाहिलं आणि मीच हात काढून घेतला. मार्चमधली बिस्किटं ऑक्टोबरमध्ये खायला निदान तोंडात सगळ्या दाढा हव्यात.

"तुमच्या बंधूंना भूक लागलेली दिसते," उपसंचालक म्हणाले. आवाज गोड होता, पण ते खुर्चीतून अर्धवट उठले होते.

"तो जन्मल्यापासून भुकेला आहे," अक्का म्हणाली. "चल रे."

४

तळघरात पंखे घरघरत होते. टिल्ली खुर्चीवर पाय वर घेऊन बसली होती, दहावीच्या निकालाच्या दिवशी बसली होती तशी. अक्काने कागद तिच्यापुढे धरला.

"हे बघ. पहिल्या ओळीच्या शेवटी सव्वीस सेकंद. तिसरीत अडतीस. मधलीत शून्य शून्य. दार काय तुझ्यासाठी मिनिट संपायची वाट बघत थांबलं होतं?"

टिल्लीने कागद ओढून घेतला. तिचे पाय खाली आले. "हाताने घातलेली नोंद. ग्रंथालयातल्या संगणकाचा पडदा तास आणि मिनिटंच विचारतो. सेकंद कोणी देत नाही, मग डेटाबेस शून्य धरतो. कार्डाने उघडलं असतं तर सेकंद आले असते." तिने कागद मांडीवर ठेवला. "सकाळी मी हा कागद धड पाहिलाच नाही, मावशी. फक्त माझा नंबर दिसत होता."

आम्ही तिघं जिना चढून इन्स्पेक्टरकडे गेलो. त्याने ऐकून घेतलं, शिंकला आणि पुन्हा ऐकून घेतलं. उपसंचालक तिथेच पुस्तक चाळत उभे होते.

"साठात एकदा शून्य येणारच," ते पुस्तकातून डोकं न काढता म्हणाले. "योगायोगाला गुन्हा म्हणता येत नाही."

"कोर्टात मला हेच विचारतील," इन्स्पेक्टर म्हणाला. "समजा, हाताने घातली. कोणी? ग्रंथालय उघडंच होतं. ही मुलगी स्वतःही घालू शकते, म्हणजे उद्या असंच म्हणायला मोकळी."

टिल्लीचा चेहरा असा झाला की मला खिडकीबाहेर बघावं लागलं. खाली वळणावर एक गाडी चढताना दिसत होती. लांब होती अजून, पण चढत होती.

पुन्हा तळघरात आल्यावर अक्काने खुर्ची टिल्लीच्या मशीनला टेकवली.

"तुझ्या कार्डाची सगळी कुंडली काढ."

"कालची काढली ना."

"आणि त्याआधी?"

"परवा दोनदा. त्याआधी सोमवारी."

"आणि त्याआधी? विम्याच्या दाव्यात मी शेवटचा कागद कधी आधी वाचला नाही. पहिला वाचते. तुझी पहिली ओळ वाच."

टिल्लीची बोटं फिरली. पडद्यावर ओळी धावल्या: सप्टेंबर, ऑगस्ट, जुलै. मग जून, ती नोकरीला लागली तो आठवडा. मला वाटलं, इथे थांबेल.

थांबली नाही. जूनच्याही वर आणखी एक ओळ होती.

2019-03-10T11:05:00Z

५

"मार्च," टिल्ली म्हणाली. "दहा मार्च. मामा, मार्चमध्ये मी इथे नव्हते."

"कार्ड?"

"कार्ड जूनमध्ये छापलं. माझ्यासमोर."

पंख्यांची घरघर एकदम मोठी वाटली. जे कार्ड जन्मलंच नव्हतं त्याने मार्चमध्ये दार उघडलं होतं. मी आयुष्यात पुष्कळ भुतं सांगितली आहेत, पण एकही इतकं वक्तशीर नव्हतं.

टिल्लीने डोकं धरलं. "माझा प्रोग्रामच चुकतोय. वेळ साच्यात बसवताना महिने हलवतोय. म्हणजे कुठल्याच ओळीवर विश्वास नाही, शून्य सेकंदांवरही नाही. आता तर माझं कोणी ऐकणार नाही."

"बाकीची एक तरी ओळ चुकीच्या महिन्यात सापडली?" अक्काने विचारलं.

तिने शोधलं. सापडली नाही.

"मग प्रोग्राम खरं बोलतोय. त्याला जे सांगितलं ते त्याने लिहिलं. मार्चमध्ये कार्ड नव्हतं, म्हणजे ही ओळ मार्चमध्ये लिहिलेली नाही. इथवर बरोबर?"

"तास बघा," मी म्हणालो. दोघी माझ्याकडे वळल्या. या विषयात मला खरोखर गती आहे. "अकरा पाच, शून्य सेकंद. कालचीही तीच. गोष्ट पहिल्यांदा सांगताना फसली की मी तीच पुन्हा सांगतो, जरा दुरुस्त करून. पहिली ऐकलेला माणूस समोर नसला म्हणजे झालं. ही पहिली आहे. कालची दुसरी."

टिल्लीच्या तोंडाचा आ झाला. मग ती इतकी झरझर बोलायला लागली की मधले शब्द आम्हीच भरले. ग्रंथालयातल्या पडद्यावर तारखेचा चौकोन आहे, नुसते आकडे घालायचे. तो पहिला आकडा दिवस धरतो आणि दुसरा महिना. काल तीन ऑक्टोबर. कोणीतरी दहा घातला, मग तीन. पडद्याने ती दहा मार्च धरली आणि प्रोग्रामने ती इमानाने साच्यात मांडली. त्या माणसाने त्या दिवसाच्या यादीत पाहिलं, तर नोंद नाही. मग त्याच्या लक्षात आलं, आणि त्याने उलट क्रमाने पुन्हा घातली. ती आली. पहिली त्याला काढता येईना. काढायची सोय फक्त टिल्लीकडे, आणि तिला कसं सांगणार?

"जो पडदा नेहमी वापरतो त्याची ही चूक व्हायची नाही," अक्का हळू म्हणाली. "ज्याचा हात आधी महिना लिहितो त्याची होते. समुद्रापलीकडे शिकलेला हात."

"उपसंचालक," टिल्ली म्हणाली.

"तो हात लिहिताना दाखवला पाहिजे," अक्का म्हणाली.

बाहेर गाडीचं दार वाजलं.

६

ग्रंथालयात सगळे जमले. अक्काने कोरे चिठोरे वाटले आणि आजची तारीख आकड्यांत लिहा म्हणाली. इन्स्पेक्टरने घड्याळाकडे पाहिलं, पण थांबला. मार्चच्या ओळीने तो शिंका विसरला होता.

काचकारागिराने लिहिलं, ४/१०. ग्रंथपाल बाईंनी सवयीने शिक्का मारला, मग जीभ चावून हाताने लिहिलं, ४/१०. उपसंचालकांनी पेनचं टोपण काढलं, चिठोऱ्याकडे पाहिलं, मग आमच्याकडे. त्यांचा हात कागदावर क्षणभर तरंगला.

त्यांनी लिहिलं, ४/१०.

"परदेशातून येऊन पुष्कळ वर्षं झाली, बाई," ते म्हणाले. "माणूस सवयी बदलतो."

अक्काने चिठोरा हातात धरला आणि तसाच धरून राहिली. मी तिला जन्मापासून ओळखतो. तिच्याकडे पुढचा प्रश्न नव्हता. इन्स्पेक्टरने टिल्लीला दाराकडे यायची खूण केली. टिल्लीने गळ्यातलं कार्ड काढून टेबलावर ठेवलं. कोणी मागितलं नव्हतं. ते मला बघवलं नाही, आणि मला बघवेनासं झालं की मी काहीतरी बोलतो. माझ्या डोक्यात तेव्हा नेमकं काय होतं म्हणाल तर बिस्किटं होती.

"उपसंचालक साहेब," मी म्हणालो, "राग मानू नका, दोन डब्यांत मी हात घातला. तिसरा सोडला. एवढे शिस्तीचे तुम्ही, मार्चमधली बिस्किटं कशाला ठेवता?"

"मार्चमधली?" ते दुखावून म्हणाले. "माझ्याकडे शिळं काही नसतं. आठवड्याच्या आत डबे मी स्वतः..."

आणि थांबले.

अक्काने मान वळवली. अगदी सावकाश. "मधल्या डब्यावर काय लिहिलं होतं रे?"

"नऊ, तीस."

"तिसावा महिना?"

"नाही गं, तीस सप्टेंबर, उघडच..." मी म्हणालो, आणि माझंही वाक्य तिथेच तुटलं.

"आणि खालच्यावर?"

"दहा, तीन."

ग्रंथपाल बाईंचा शिक्का हातातून निसटून टेबलावर पडला. तो डबा मार्चमधला नव्हता. कालचा होता.

इन्स्पेक्टर दोन-दोन पायऱ्या टाकत वर गेला. खाली आम्ही कोणी कोणाकडे पाहिलं नाही. तो डबा दोन्ही हातांनी छातीशी धरून उतरला आणि टेबलावर ठेवून त्याने झाकण काढलं. आत पांढरं फलालीनचं कापड, आणि कापडाच्या आत भिंग. खिडकीतला उजेड त्यातून जाऊन टिल्लीच्या कार्डावर पडला.

काचकारागीर पुढे झाला, भिंगाची कड त्याने बोटाने चाचपली. "चरा नाही," तो म्हणाला.

"चरा कसा जाईल," उपसंचालक म्हणाले. त्यांचा आवाज म्हातारा झाला होता. "ते दार उघडून आत गेले, मी मागोमाग गेलो. शिडीच्या वरच्या चौथऱ्यावर उभं राहून मी सांगत होतो, एक वर्ष थांबा. एकच. ते म्हणाले, ठरलंय. मी बाही धरली. त्यांनी झटकली. तोल त्यांचा गेला. मी ढकललं नाही."

"बरं," अक्का म्हणाली. "आणि त्यानंतर?"

आयुष्यात पहिल्यांदा मी तिच्या तोंडून हा प्रश्न ऐकला.

"त्यानंतर..." ते म्हणाले.

"ते खाली पडले होते. श्वास चालू होता. तुम्ही फोन केला?"

उपसंचालकांनी डब्याचं झाकण जवळ ओढलं.

"तुम्ही भिंगाचे स्क्रू काढलेत. कापडात गुंडाळलंत. डब्यात ठेवून वर तारीख चिकटवलीत. मग इथे येऊन या पोरीच्या नंबरावर दोनदा नोंद केलीत. तो माणूस तासभर तिथे पडून होता." अक्काने चिठोरा टेबलावर ठेवला. "भिंगाला चरा पडू दिला नाहीत, एवढं मात्र खरं."

"तारीख मी..." त्यांनी डब्यावरच्या पट्टीकडे असं पाहिलं, जसं काही ती दुसऱ्याच कोणी लावली होती. "हाताने लावली असेल."

गाडी पाच वाजता आली तशीच पाच वाजून गेल्यावर उतरली, फक्त मागच्या सीटवर माणूस बदलला होता. आम्ही तिघं चालत निघालो. अर्ध्या उतारावर टिल्लीने अक्काचा हात धरला, आणि ताडमाड वाढलेली पोर रस्त्याच्या कडेला उकिडवी बसून रडली. अक्का पाठीवर हात ठेवून उभी राहिली. मी आकाशाकडे पाहत होतो, तिथे सूर्य होता, म्हणून डोळ्यांत पाणी आलं.

संचालक चौथ्या दिवशी शुद्धीवर आले आणि त्यांनी आधी चष्मा मागितला. तो नाकावरच होता. आता त्यांच्या डोक्याला टोपीएवढं बँडेज आहे, तरी ते रोज येतात. टिल्लीने ग्रंथालयातला पडदा बदलला. तारखेचा चौकोन गेला. आता महिना आकड्याने घालताच येत नाही, नावाने निवडावा लागतो. आपल्या नंबरावरच्या त्या दोन्ही ओळी तिने इन्स्पेक्टरला छापून दिल्या आणि मग स्वतःच्या हाताने काढल्या.

मला मात्र तिने सोडलं नाही. गेल्या आठवड्यात घरी आली आणि आमच्या बिस्किटांच्या डब्यावर एक पट्टी चिकटवून गेली. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मध्ये टी, मग तास, मिनिटं, सेकंद, आणि शेवटी तो झेड. म्हणाली, आता चूक व्हायला जागा नाही.

चूक होत नाही, हे कबूल. पण हल्ली डब्याला हात घालण्याआधी मला तीन तास मिळवावे लागतात.